हिरव्या शाईची चिठ्ठी

६ जून

प्रिय मावशी,

तुझ्या कानांनी फोनशी कट्टी केली तेव्हापासून आपली पत्रं सुरू झाली, म्हणून मी त्या कानांवर फारशी नाराज नाही. आज मुद्दाम लिहायचं कारण असं की तुझे खंड माझ्याकडे आले आहेत.

न्यायालयातलं वकिलांचं ग्रंथालय बंद झालं, हे तुला कळलंच असेल. निकालांचे सगळे जुने खंड आमच्या प्रशिक्षण संस्थेला दिले. चारशे बारा. तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत लोखंडी मांडण्यांवर लावले आहेत, आणि त्याच खोलीत मी नव्या वकिलांना कायदा शोधायला शिकवणार आहे. काल सहज एक खंड उघडला आणि तुझी चिठ्ठी दिसली. बोटभर रुंद, निकालाच्या डोक्यावर डिंकाने चिकटवलेली, हिरव्या शाईत: 'हा निकाल पुढे रद्द. वापरू नये.' खाली नव्या निकालाचा खंड आणि पान. चौतीस वर्षं तू हेच केलंस. नवा निकाल आला की त्याने जुना कुठला मोडला ते बघायचं आणि जुन्याच्या डोक्यावर चिठ्ठी लावायची, म्हणजे कोणी वकील मेलेला निकाल घेऊन न्यायाधीशांपुढे उभा राहायला नको. लहानपणी मला वाटायचं, मावशी पुस्तकांना पट्ट्या बांधते.

माझ्या वर्गात चाळीस जण आहेत. संगणकावर दोन शब्द टाकतात आणि जे पहिलं येईल ते उचलतात. सुरुवात कुठून करू, सांग.

बाबा बरे आहेत. त्यांना म्हटलं, चला एकदा खंड बघायला, तुमच्याही हाताखालून गेलेले आहेत. 'जिना चढवत नाही' म्हणाले. आमच्या घराचा जिना ते दिवसातून चार वेळा चढतात. वकिली सोडून सव्वीस वर्षं झाली, तरी कायद्याचा कंटाळा काही गेलेला नाही.

तुझी,
ठमी

१४ जून

ठमे,

आधी कामाचं.

पहिल्या दिवशी संगणक बंद ठेव. प्रत्येकाला एक कोरा कागद दे आणि विचार, तुमच्याकडे आलेल्या माणसाचं नेमकं काय गेलंय? ते एका वाक्यात लिहिता येईना तर शोधायला बसू नये. काय हरवलंय हे न ठरवता कपाटं उपसणारे वकील मी ढिगाने पाहिले. दुपारपर्यंत टेबलावर वीस खंड, आणि डोक्यात काही नाही.

दुसरं. निकालाच्या वर चार ओळींचा गोषवारा असतो. तो छापणाऱ्यांचा असतो, न्यायाधीशांचा नव्हे. दारावरची पाटी समज. पाटी वाचून आत कोण राहतं ते कळतं, आत काय चाललंय ते कळत नाही.

तिसरं. निकाल सापडला की हुरळून जाऊ नये. तो अजून उभा आहे का, ते पाहावं. पुढे कोणी मोडला का, आणि मोडला तर सगळा मोडला की थोडा.

तुझ्या बाबांना ओढू नकोस. माणूस हुशार, पण बोटचेपा. एक अपील हरले आणि वकिली गुंडाळून शाळेच्या कचेरीत कारकुनी धरली. हरलेल्या प्रत्येक वकिलाने असं केलं असतं तर न्यायालयात शिपाई तेवढे उरले असते. तुझ्या आईने त्यांना कधी बोल लावला नाही, म्हणून मीही तोंड शिवून बसले. तिला जाऊन सहा वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही.

मावशी

२० जुलै

प्रिय मावशी,

कोऱ्या कागदाने कमाल केली. चाळीसातले तेहतीस जण एक वाक्य लिहू शकले नाहीत. एकाने तर दोन पानं लिहिली आणि खाली 'थोडक्यात' असं लिहून आणखी एक पान लिहिलं.

आता मी त्यांना तुझ्याच चिठ्ठ्या दिल्या आहेत. प्रत्येकाला पाच, म्हणजे दोनशे. नियम एकच: जुना निकाल आणि तो मोडणारा नवा निकाल, दोन्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि चिठ्ठी बरोबर आहे का ते सांगायचं. पहिले चार दिवस कुरकुर झाली. संगणकावरच्या मोडलेल्या निकालांना लाल खूण असते, ती बघून मोकळं होता येतं, मग हा उपद्व्याप कशाला, असं म्हणणं होतं. आता चढाओढ लागली आहे.

वर्गात एक बाई आहेत, वीस वर्षं शाळेत शिकवून मग वकील झालेल्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. त्या एक ओळ वाचतात, पट्टी खाली सरकवतात आणि मग पुढची ओळ वाचतात. त्यांच्या पाचातली एकच झाली आहे.

आजवर एकशे शहाऐंशी तपासून झाल्या. सगळ्या बरोबर. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, 'मॅडम, या बाई कधी चुकतच नव्हत्या का?' मला इतकं बरं वाटलं की तो प्रश्न तुझ्यासाठी वहीत उतरवून घेतला.

ठमी

२९ जुलै

ठमे,

तुझं पत्र शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला ऐकू येतं, मला येत नाही, तरी वाचणारी मी. तिने दोनदा वाचायला लावलं आणि मी वाचलं.

मागच्या बाकावरच्या त्या शहाण्याला सांग, एक जरी चिठ्ठी चुकीची निघाली तर मी तुझ्या वर्गासमोर येऊन कान धरून उभी राहीन. ते कान तसेही दुसऱ्या कामाचे उरलेले नाहीत.

मला मूलबाळ नाही, घरदार म्हणावं असंही काही नाही. त्या चिठ्ठ्या आहेत. कोणीतरी त्या एकेक करून वाचतंय, हे कळलं आणि फार समाधान वाटलं. उरलेल्या चौदांचं कळव.

मावशी

३ सप्टेंबर

प्रिय मावशी,

उशीर झाला, रागावू नकोस. कामाचा रगाडा होता. खंडांच्या मांडण्या भिंतीपासून हातभर पुढे घेतल्या, भिंतीला ओल आली होती. वर्ग ठीक चालला आहे. आता त्यांना युक्तिवाद लिहायला शिकवते आहे. बाबांची तब्येत बरी आहे, पण हल्ली जेवण कमी झालंय.

तू औषधं वेळेवर घे.

ठमी

१० सप्टेंबर

ठमे,

तू तिसरीत असताना माझी शाईची दौत फोडलीस आणि मला चार ओळींचं पत्र लिहिलंस, त्यात दौत सोडून सगळं होतं. हे पत्र तसंच आहे.

चौदा चिठ्ठ्यांचं काय झालं? आणि बाबांचं जेवण का कमी झालं? दोन्ही लिही.

मावशी

२२ सप्टेंबर

प्रिय मावशी,

दौत मीच फोडली होती. आता लिहिते.

मास्तरीणबाईंची पाचवी चिठ्ठी खंड एकशे सदतीसमधली होती. तो जुना निकाल परिचारिकांबद्दलचा आहे. त्यात दोन मुद्दे ठरले होते. पहिला, डॉक्टरांनी लेखी दिलेल्या आज्ञेबद्दल परिचारिकेने शंका विचारली आणि डॉक्टरांनी ती आज्ञा कायम केली, तर दोष एकट्या तिच्या माथी मारता येत नाही. दुसरा, रुग्णालयाविरुद्धची तक्रार किती दिवसांत करायची. पुढे जास्त न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने फक्त दुसरा मुद्दा मोडला. पहिल्याबद्दल तर चौतिसाव्या पानावर स्पष्ट लिहिलंय की तो आम्ही कायम ठेवतो. तुझ्या चिठ्ठीवर मात्र 'हा निकाल पुढे रद्द. वापरू नये' एवढंच आहे. संगणकावरही त्याला लाल खूण आहे.

बाई तिथे थांबल्या नाहीत. या चिठ्ठीनंतर कोणाचं नुकसान झालं का, हे त्या शोधत बसल्या. त्यांना एक अपील सापडलं. एका परिचारिकेच्या हातून औषधाची दसपट मात्रा गेली आणि रोगी दगावला. मात्रा डॉक्टरांनी लिहिली होती. तिने दोनदा विचारलं होतं आणि डॉक्टर दोन्ही वेळा 'लिहिलंय तेवढं द्या' म्हणाले होते. हे सगळं साक्षीत आहे. तरी तिचं नाव परिचारिकांच्या नोंदवहीतून कायमचं काढून टाकलं, आणि अपिलातही ती हरली. तो जुना निकाल तिच्या वकिलाने न्यायालयाला दाखवलाच नाही. वकिलाचं नाव बाईंनी मला बोट ठेवून दाखवलं. ते बाबांचं होतं.

मी घरी गेले तेव्हा बाबा बुटांना पॉलिश करत होते. मी म्हटलं, एका खंडाबद्दल विचारायचंय. त्यांनी बूट खाली ठेवला आणि विचारलं, 'एकशे सदतीस ना?'

त्यांना सव्वीस वर्षं माहीत होतं. अपील हरल्यावर आठ दिवसांनी त्यांनी तो निकाल पहिल्यांदा पुरता वाचला. मी विचारलं, मावशीला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, 'चिठ्ठी तिची होती, पण वकीलपत्र माझं होतं. मी चिठ्ठी वाचली, निकाल वाचला नाही.' मग मी विचारलं, लगेच पुन्हा न्यायालयात का नाही गेलात? त्यांनी बूट पुन्हा उचलला. मग म्हणाले, 'आधी त्या परिचारिकेला सांगायला हवं होतं. तिच्या जिन्यापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. चौथ्यांदा गेलो तर तिने खोली सोडली होती.'

मावशी, मला तुझा राग आलेला नाही. बाबांचा आला, मग तोही गेला. फक्त कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

ठमी

३० नोव्हेंबर

ठमे,

दोन महिने लिहिलं नाही. पत्र चार वेळा सुरू केलं आणि चारही फाडली. पहिल्यात मी तुझ्या मास्तरीणबाईला नको नको ते बोलले होते. दुसऱ्यात छापणाऱ्यांना. तिसऱ्यात तुझ्या बाबांना. चौथ्यात सगळं होतं, पण खरं काही नव्हतं.

आता खरं लिहिते. त्या आठवड्यात एकसष्ट नवे निकाल आले होते. मोठ्या पीठाचा तो निकाल बावन्न पानांचा. वर गोषवाऱ्यात छापलं होतं, 'पूर्वीचा निकाल रद्द'. मी तेवढं वाचलं आणि चिठ्ठी लिहिली. तुला मी पाटीची गोष्ट सांगितली ना, तर त्या दिवशी मीही पाटीच वाचली.

दुसरं खरं अजून अवघड आहे. अपील हरल्यावर तुझे बाबा ग्रंथालयात आले होते. तो खंड घेऊन दुपारभर खिडकीशी बसले. जाताना माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, 'ताई, हा एकदा निवांत बघा.' मला ते लागलं. मी खंड न उघडता मांडणीवर ठेवला. नंतर आठ वर्षं मी नोकरीत होते आणि तो खंड मी कधी उघडला नाही. निवांत वेळ मिळाला नाही असं नव्हे. त्यात काय असेल याचा मला अंदाज होता.

आणि त्या माणसाला मी बोटचेपा म्हटलं. तुझ्या आईला म्हटलं, तुला म्हटलं. मला फार लाज वाटते.

ती परिचारिका कुठे आहे?

मावशी

९ डिसेंबर

प्रिय मावशी,

सापडली. मास्तरीणबाईंनीच शोधली. आता सहासष्ट वर्षांची आहे. नोंदवहीतून नाव गेल्यावर तिने दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात चादरी आणि उशांचे अभ्रे शिवायचं काम धरलं, अजूनही घरी आणून शिवते. बाबा आणि मी गेलो. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. बाबा जिना चढले, मध्ये एकदाही थांबले नाहीत.

त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने यंत्र थांबवून ऐकलं. बसा म्हणाली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, 'मला कोणाला शिक्षा नको. त्या वहीत माझं नाव होतं, ते परत लिहा. मी मेल्यावर लोकांनी मला रोग्याला मारणारी म्हणायला नको.'

आम्ही फेरविचाराचा अर्ज करतोय. न्यायालय पहिलाच प्रश्न विचारेल, सव्वीस वर्षं कुठे होतात? त्याचं उत्तर दोन प्रतिज्ञापत्रांतच आहे. एक बाबांचं, ते झालं. दुसरं तुझं. चिठ्ठी तू लिहिलीस, निकाल पुरता न वाचता लिहिलीस, आणि सूचना मिळूनही पुन्हा पाहिला नाहीस, हे तुझ्या सहीने हवं.

मी तुझ्यावर जोर करणार नाही. ते भर न्यायालयात वाचलं जाईल. ज्या ज्या वकिलाने तुझ्या भरवशावर काम केलं तो बाकीच्या चिठ्ठ्यांकडेही संशयाने बघेल. पण ते नसेल तर अर्ज उंबऱ्यावरच पडेल.

ठमी

२१ जानेवारी

ठमे,

प्रवासाने पाय सुजले होते, आज खाली ठेवता आले म्हणून लिहिते. प्रतिज्ञापत्रावर सही एका दमात केली. तुझ्या वर्गात मात्र उंबऱ्यावर दोनदा थांबले, तू पाहिलंसच.

तू फळ्याजवळ होतीस, म्हणून शेवटचं तुला ऐकू गेलं नसेल. मी कान धरून उभी राहिले तेव्हा कोणीतरी हसेल असं मला वाटलं होतं. हसले असते तर सोपं गेलं असतं. चाळीस जण उठून उभे राहिले, ते मला सहन झालं नाही. मग मागच्या बाकावरून ती परिचारिका उठली. तिला तू बोलावलं होतंस, हे मला सांगितलं नव्हतंस. बरं केलंस, नाहीतर मी आले नसते.

तिने खंड जवळ ओढला आणि माझ्या चिठ्ठीवर बोट फिरवलं. मग माझ्या डाव्या कानाशी येऊन, रोग्याशी बोलतात तसं सावकाश म्हणाली, 'अक्षर सुरेख आहे. त्या डॉक्टरांचं लागतच नव्हतं, म्हणून मी दोनदा विचारलं. तुम्हाला कोणी एकदाही नाही विचारलं?'

मी नाही म्हटलं. चौतीस वर्षांत एकदाही नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, ठमे.

तुझे बाबा मला गाडीपर्यंत सोडायला आले. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, 'ताई, पाय जपून टाका, पायरी ओली आहे.' मला नीट ऐकू आलं.

सोबत नवी चिठ्ठी पाठवते. जुनी काढू नकोस. ही तिच्या खाली चिकटव, डिंकानेच: 'वरची चिठ्ठी चुकीची आहे. लिहिणारीने निकाल पुरता वाचला नव्हता. फक्त दुसरा मुद्दा रद्द, पहिला कायम. या चिठ्ठीवरही विसंबू नये, निकाल वाचावा.' खाली सही केली आहे. पूर्वी कधी करत नव्हते.

मावशी

१७ जून

प्रिय मावशी,

निकाल लागला. तार करावी तसं आधी तेवढंच लिहिते: नाव परत आलं. त्याच वहीत, त्याच जुन्या क्रमांकावर. तुझं प्रतिज्ञापत्र न्यायाधीशांनी पूर्ण वाचून घेतलं आणि सव्वीस वर्षांचा उशीर माफ केला. तुझ्याबद्दल त्यांनी एकच वाक्य लिहिलंय. ते मी इथे उतरवत नाही. सोबत निकालाची प्रत आहे, तूच वाच.

काल बाबांना घेऊन तिच्याकडे गेले. वाटेत ठरवत होते, कसं सांगू. दार उघडल्यावर म्हटलं, 'काय झालं ते सांगते.' तिने हात पुढे केला. म्हणाली, 'नको. मी वाचते.'

एकेचाळीस पानं होती. यंत्रावरची चादर घडी करून बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ओळीखाली बोट. शेवटचं पान उलटून बघितलं नाही. मी खिडकीशी उभी होते, बाबा दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. मधे ती एकदा उठून पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. सव्वा दोन तास लागले. मला तिला घाई करावीशी वाटली नाही.

शेवटचं पान झाल्यावर तिने चष्मा काढला, डोळे पुसले आणि दाराकडे बघून बाबांना विचारलं, 'तुम्ही वाचलात का पुरता?'

बाबा म्हणाले, 'दोनदा.'

तिने मान हलवली आणि त्यांना आत येऊन बसायला सांगितलं.

तुझी,
ठमी